एका घरासाठी प्रार्थना

बुधवार, १२ नोव्हेंबर

माझ्या लाडक्या धाकटे,

प्रभूच्या नावात सलाम. तू बरी असशील आणि भाऊजींचा गुडघा आता कुरकुर करत नसेल, अशी आशा आहे. मी ठीक आहे. म्हणजे शिलाई मशीन ठीक आहे, तिच्यामागे बसणारी जरा खिळखिळी झालीय.

चर्चचं छप्पर एकदाचं गळायचं थांबलं. रविवारी उपासनेनंतरच्या चहाला बेकरीवाल्या काकांनी केक आणला, तो इतका कडक की पाळकसाहेब म्हणाले, "हा पुढच्या इमारतीच्या पायाभरणीला ठेवू." काका दोन दिवस फुगून बसले होते.

आता मुद्द्याचं. आमची प्रार्थनेची साखळी तुला माहीत आहे. कुणाला काही अडचण आली की मला फोन येतो. मी औषधवाल्या वहिनींना सांगते, त्या पुढच्या घरी, असं करत निरोप शेवटी पेटीवाल्या आजोबांकडे जातो. आजोबा परत मला फोन करून ऐकवतात, म्हणजे तो धड पोचला हे कळतं. नियम एकच: आलं तसं पुढे द्यायचं, तिखटमीठ लावायचं नाही. नियम माझाच.

गेल्या आठवड्यात मी स्वतःच एक विनंती सोडली, "एका घरात शांती नांदावी म्हणून प्रार्थना करा." नाव नाही, गाव नाही. संध्याकाळी आजोबांचा फोन. "बाई, ऐका. आपल्यातल्या एका घरात नवरा बायकोला मारतो. ती वाचावी म्हणून प्रार्थना करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राईचा पर्वत करतात म्हणतात, इथे तर राईही नव्हती! दुसऱ्या दिवशी हातातलं शिवण टाकून मी घरोघर निघाले. म्हटलं, ही चोंबडी जीभ कुणाची ते बघतेच. औषधवाल्या वहिनी तर शपथ घ्यायला निघाल्या, "अहो, मी शांतीच दिली!" बेकरीवाल्या काकांकडेही शांती. नर्सबाईंकडेही शांती. आणि नर्सबाईंनी पुढे फोन केला होता माझ्या लेकीला. आपल्या चिंगीला.

चिंगीच्या पुढचं घर मास्तरीणबाईंचं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे असंच आलं. चिंगीच म्हणाली, नवरा मारतो. सांगताना रडत होती हो! मला वाटलं, किती कोवळ्या मनाची पोर, परक्यासाठी रडते."

मी त्यांच्या पायरीवरूनच परत फिरले.

तुझ्यापासून काय लपवायचं? ती विनंती मी चिंगीसाठीच सोडली होती. गेले काही महिने ती माझ्याकडून लांब बाह्यांचेच कपडे शिवून घ्यायची. माप घेताना दंडाला टेप लागली की अंग चोरायची. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. जावई म्हणजे गायनमंडळाचा जीव, सगळ्या मंडळीच्या गळ्यातला ताईत. तो गायला लागला की मीही डोळे पुसायची.

तिथून तडक तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत गायनमंडळाचा सराव चालला होता. जावई म्हणाला, "या आई, बसा. तुमच्याच आवडीचं गीत घेतोय." चिंगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि मला बघून थबकली.

मी हळूच विचारलं, "तुझ्याकडे शांती आली होती ना गं? मग पुढे काय दिलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, नाव न घेता सांगितलं तर चालेल."

"चप्पल घाल."

"आई, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच घाल."

जावई हसत म्हणाला, "अहो आई, पण चहा तरी..." मी म्हटलं, "तुमचं चालू द्या." कुणी उठलं नाही. सगळे आपापल्या गीतपुस्तकात बघत होते, जणू तिथे काही नवीन छापलं होतं. तेव्हापासून पोर माझ्याकडे आहे.

आज सकाळी पाळकसाहेब आले. भला माणूस गं. म्हणाले, "उद्या आम्ही जावयाला घेऊन येतो. तो गुडघे टेकून क्षमा मागेल, चिंगीनं क्षमा करावी, रविवारी दोघांनी शेजारी बसून प्रभुभोजन घ्यावं."

"आणि सोमवारी?" मी विचारलं.

"विश्वास ठेवा, बाई," म्हणाले.

ही वाईट माणसं असती तर किती सोपं होतं! चिंगीचे बाबा गेले तेव्हा याच लोकांनी महिनाभर मला स्वयंपाक करू दिला नाही. वहिनी माझ्याजवळ झोपायला यायच्या, कारण मला अंधार सोसवत नव्हता. आता साखळी मला वगळून वहिनींपासूनच सुरू होते. मला कळलंही नसतं, पण आजोबांनी सवयीनं फोन केला. "बाई, ऐका. एका घरातली लेक नवऱ्याकडे परत जावी म्हणून प्रार्थना करा." मग म्हणाले, "बाई, यासाठी मी प्रार्थना केलेली नाही." आणि फोन ठेवला. मी ढसाढसा रडले.

चिंगी म्हणते, "आई, मी जाते परत. माझ्यापायी तुझी माणसं तुटतील." धाकटे, तुटतीलच. तिला खोटं कशाला सांगू? मला या वयात नवी माणसं कुठून मिळणार? मला भीती वाटते. जावयाची नाही. उद्या त्या सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, तर माझ्याच तोंडून 'आमेन' निघेल, याची.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते येऊन गेलेले असतील. उत्तरात 'धीर धर' वगैरे लिहू नकोस, मिळेल त्या गाडीनं निघून ये. मी त्यांना दार उघडणार आहे. बसायला देईन, चहा देईन. त्यानं गुडघे टेकले तर तेही बघेन. पोर देणार नाही.

आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसलेली,
तुझी ताई