घामाचं मीठ

आये, तुझी नात आता पाण्यावरून उडते. खोटं नाही सांगत. पायाखाली फळी, फळीखाली दांडा, दांड्याला पाण्यात बुडालेले पंख आणि बॅटरीवरची मोटर. वेग आला की फळी पाणी सोडून वर उठते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाय न भिजवता खाडी ओलांडतो त्याचा भरवसा नाय." फळीवर माझाही नव्हता. पोरीवर आहे, असं मात्र मी धरून चाललो होतो.

परवा तिचा विक्रमाचा दिवस होता. पनवेलच्या खाडीतून निघून उरणच्या धक्क्याला जायचं, एका चार्जमध्ये, न थांबता. एकदा जरी पाण्यात पडली तरी सगळं बाद. यासाठी तिने चांगली नोकरी सोडली, माझ्याशी भांडली, हातपाय सोलून घेतले. साक्षीला मागच्या होडीत ठरलेला माणूस आला नाही, म्हणून मी बसलो. अर्ध्या वाटेत आमच्या होडीच्या पंख्यात कुणाचं तरी जाळं अडकलं. ते कापून काढेपर्यंत पोरगी तिवरांच्या वळणाआड दिसेनाशी झाली. धक्क्याला लागलो तर बाईसाहेब उभ्या, बाटलीतलं गोडं पाणी डोक्यावर ओतत. ऊन होतं, कबूल. पण घशाआधी केस का? मला तिथेच खटकलं. मी तिचा हात धरला आणि कोपराजवळ नखाने रेघ ओढली. पांढरी उठली, मिठाची. न पडताही खाडीचे शिंतोडे उडतात म्हणा.

तू हेच करायचीस. मी शाळेतून येतो, शर्ट कोरडा, भांग पाडलेला, तोंड साळसूद. चुलीपुढून न उठता तू म्हणतेस, "हात दे." रेघ उठते. मग तू नख जिभेला लावतेस. मिठागरात जन्म गेलेला तुझा. खाडीच्या मिठाला चिखलाची कडू चव असते, घामाच्या नसते, हे तूच मला शिकवलेलं. दारात बाबा काठी घेऊन उभे, कारण त्यांचा धाकटा भाऊ त्याच खाडीने नेला होता. "गेल्ता का रं खाडीत?" त्यांच्याकडे न बघता तू म्हणतेस, "नाय. घाम हाय त्यो." आणि ते वळले की माझ्या मांडीला असा चिमटा, की आई गं!

"घाम आहे, पप्पा," पोरगी म्हणाली. अगं, मी विचारलं तरी होतं का? तेवढ्यात आयोजक आले. "काका, पडली नाही ना कुठे?" ती माझ्याकडे बघत राहिली. ते भ्यालेले डोळे होते की बापाने संशय घेतला म्हणून दुखावलेले, मला अजून ठरवता येत नाही.

"नाय पडली," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी गावची बोली आपसूक तोंडात आली.

घरी पेढे आलेत. शेजारी येऊन पाठ थोपटतात, मी हसतो, आणि ती समोरून गेली की तिचे हात बघतो. आता तुला लिहिलेला हा कागद कुठे पाठवू? तू निदान चाखून खोटं बोलायचीस. धक्क्यावर माझंही नख तोंडापर्यंत आलं होतं, आये. मी ते पँटीला पुसलं.