खंडेनवमीला दुरुस्त केलेलं दार

२० ऑक्टो. ५८, चाकण
मोशीच्या उताराला जीपचं दार उघडून लोंबलं. खटका तुटला, बिजागरीही निखळली. लढाईतली जुनी गाडी, पत्र्याची दारं मागाहून बसवलेली. ड्रायव्हर कासमभाईंनी सुंभानं बांधून कशीबशी कचेरीत आणली. दसऱ्याला पहाटे ती साहेबांना आणायला पुण्याला जाणार, मी वाटेत चिंचवडला घरी उतरणार. आप्पांनी आळीत सांगून ठेवलंय, आमची बी.ए. सरकारी जीपमधून येतेय.
का.भा. : "दोरी हाय की. दार काय पळून जातंय?"
दोरीनं बांधलेल्या गाडीतून आळीत उतरायचं?

२१ ऑक्टो., खंडेनवमी
सदूमिस्त्रींकडे गेले. हातोडा, कानस, छिन्नी पाटावर. हळदकुंकू, झेंडू.
"आज न्हाई ताईसाहेब. हत्यारं पूजेला बसल्यात. उद्या शिलंगण झालं की पैलं तुमचं."
तोवर काय उपयोग. तोंडातून भलतंच निघून गेलं, "महाळुंग्याच्या एका बाईचे दिवस भरलेत. मूल आडवं आहे. पहाटे पुण्याला न्यायचीय."
मिस्त्रींनी पाटाकडे पाहिलं. त्यांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, स्वतःच छिन्नीवरची फुलं उचलली. "बाईचा जीव वाचला तर देव रागावल व्हय?"
का.भा. बाहेर विडी ओढत होते. सगळं ऐकलं त्यांनी.
मी पुढे निघून आले. सांजेला जीप आली. दार छान लागतं.

२२ ऑक्टो., चिंचवड
जीपभोवती आळी जमली. आप्पांनी दार पुन्हा पुन्हा लावून पाहुण्यांना दाखवलं. सोनं देताना सगळे माझं कौतुक करत होते. मान वर करून कुणाकडे बघवलं नाही.

२५ ऑक्टो.
मिस्त्रींच्या अंगठ्याला चिंधी. त्या दिवशीच, दार बसवताना छिन्नी निसटली. अंगठा काळानिळा, हातोडा धरवत नाही. बाजारात बोलतात, पूजेतली हत्यारं उचलली, भोवलं. गिऱ्हाईक दुसरीकडे वळलंय. हे थोतांड आहे, माझ्या साक्षरता वर्गात बायकांना ठणकावून सांगेन. पण घाई कुणी लावली?
हौसाबाईंनी एवढंच विचारलं, "बाळतीण सुखरूप हाय न्हवं? काय झालं?"
"मुलगी."
"लक्ष्मी आली! मग अंगठ्याचं काय येवढं?"
परतताना का.भा. : "बाई, आता नाव पण ठेवून टाका."

२८ ऑक्टो.
हौसाबाई कचेरीत आल्या. चोळीच्या उरलेल्या खणाची कुंची शिवून आणली होती. मिस्त्री म्हणे येईल त्याला सांगतात, देव रागावला असता तर लेकरू जगलं असतं का? ते ऐकून एकदोन गिऱ्हाइकं परत आली.
"म्हून म्हनलं, लेकराला येकदा दुकानात आना. चार मानसं बघतील, तोंडं बंद हुतील."
"बघते," म्हणाले. कुंची घेतली. घेतली कशाला?

३० ऑक्टो.
खरं सांगितलं तर माझं ओझं उतरेल, पण त्यांचं दुकान बसेल. की हीही माझीच पळवाट?
आज कचेरीत आलेल्या महाळुंग्याच्या सुईणीला विचारलं, गावात एवढ्यात कुणाला मुलगी झाली का. "झाली की. का वो?" मी बाहेर निघून आले. विचारलं याचीच लाज वाटली.
का.भा. जीप चालू करून थांबले होते. "कुठं घेऊ? पोरीकडं का मिस्त्रीकडं?"
महाळुंग्याच्या फाट्यापर्यंत रस्ता एकच आहे, ठरवायचं ते तिथे.
"चला," मी म्हणाले.