स्पंजचा दुसरा थर

३ फेब्रुवारी, मंगळवार
व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरसाठी झाकण मिळालं. वहिनीच्या मोठ्या डब्याचं, प्लॅस्टिकचं. त्यावर चार चमचे. प्रत्येकाखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, त्याला मधोमध भोक, भोकात स्क्रू, खालून टेप. चमचा दाबला की स्क्रूला टेकतो आणि पडद्यावरचा माणूस ठोसा मारतो. वायरी आमच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मोडक्या कीबोर्डच्या.

दादाच्या उजव्या हाताची चार बोटं कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेली, त्याला तीन महिने झाले. विकतच्या कंट्रोलरची बटणं त्याला दाबता येत नाहीत. चमचा तळहातानेही दाबता येईल.

दादा बघत होता. म्हणाला, "नववी नापास इंजिनिअर, हे चालणार आहे की यात जेवायचंय?"

५ फेब्रुवारी, गुरुवार
चाललं! दादा माझ्याशी दोन तास खेळला. आठपैकी पाच डाव जिंकला. दर वेळी लहानपणासारखी डोक्यात टपली. "गोगलगाय, पाणी आण." आणलं. वहिनी हसली. तीन महिन्यांनी घरात कोणी हसलं, ते माझ्यावर.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
आज सहा टपल्या.

८ फेब्रुवारी, रविवार
ठोशाच्या चमच्याखाली स्पंजचा दुसरा थर घातला. चार मिलिमीटर, पट्टीने मोजून. चमचा टेकायला किंचित उशीर होतो, इतकंच. खालची टेप कात्रीने सरळ कापून परत लावली. वरून काही कळत नाही.

दादा सगळे डाव हरला. पाणी मागितलं नाही. हात उलटासुलटा करून बघत बसला.

छान झोप लागेल आज.

१० फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा हरला. मी म्हणालो, "होईल रे दादा सवय." असं म्हणायला फार बरं वाटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
दादाच्या कारखान्यातला मुकादम येऊन गेला. दांडा ओढायच्या मशीनवर जागा आहे. हात चालत असेल तर सोमवारी ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो म्हणाला.

तो गेल्यावर दादा माझ्याकडे वळला. "रविवारी दहा डाव. तीन जिंकलो तर जातो कामावर."

वहिनी म्हणाली, "अहो, खेळावर काय ठरवता?"

"मग कशावर ठरवू? हात तर हाच आहे ना?"

दुसरा थर काढायला हवा. उद्या काढतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
काढला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
काढायला बसलो, एवढ्यात दादा आला. "ठेव खाली. उद्यापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही."

ठेवला. तेव्हाच सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम. पण उद्या तो जिंकला की पुन्हा टपली, पुन्हा पाणी, जन्मभर.

१५ फेब्रुवारी, रविवार
दहाही हरला. चमच्यावर आपटून आपटून तळहात लाल झाला. वाटलं, शिव्या देईल. म्हणाला, "चांगला खेळतोस रे." वहिनी उठून आत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

कंट्रोलर लगेच माझ्या ट्रंकेत ठेवला. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात.

१६ फेब्रुवारी, सोमवार
दादा गेला नाही. मुकादमाला फोनवर म्हणाला, "दुसरा माणूस घ्या." मग मला म्हणाला, "चहा घेणार का?" त्याने मला आजवर कधी चहा विचारला नव्हता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
आठ तारखेचं पान फाडून टाकायचं म्हणून मागे उलटलं. त्या पानात स्पंजचा तुकडा ठेवलेला, मी न ठेवलेला. चार मिलिमीटर.

ट्रंक उघडली, कंट्रोलर खोलला. ठोशाच्या चमच्याखाली एकच थर. टेप वाकडीतिकडी, एका हाताने लावलेली, दातांनी तोडलेली. किल्ली रविवारपासून माझ्याच गळ्यात आहे. म्हणजे थर त्याच्या आधीच निघाला होता.

दहाही डाव दादा नीट चमच्यावर हरला.