आईला ‘हो’ म्हणून सांग

बोरी अरब
८ नोव्हेंबर १९९८

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

यंदा अळीनं कापूस खाल्ला, जिनिंग बंद आहे, म्हणून मी घरीच आहो. आईचं बरं नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं का छातीतली गाठ काढली तरी रोग पाठीच्या हाडात उतरला. वेचणीले ती जात नाही. बसता येत नाही, निजता येत नाही. तरी तुही थट्टा सोडत नाही. शेजारच्या नंदाबाईले म्हणते, पोट्टीले एवढं शिकवलं ते हैदराबादले मेंढ्यायचे डोके फोडाले.

तू उन्हाळ्यात म्हणत होती का तुहं काम दुखण्यावरच आहे. आईनं काल मले इचारलं, दीपाच्या कामानं माहं दुखणं थांबन का. काय सांगू, ते लिही.

तुहा दादा,
राजदीप

हैदराबाद
१७ नोव्हेंबर १९९८

ती. दादास सविनय जयभीम. वि. वि.

आईला सांग, डोकी खाटीक फोडतो. मी फक्त मेंदू न्यायला बर्फाचा डबा घेऊन उभी असते.

दुखण्याचा निरोप नेणारा एक बारीक रेणू मेंदूत असतो. त्याला धरणारं प्रथिन पेशीच्या पडद्यात रुतलेलं असतं. तेवढंच मला बाकी सगळ्यातून वेगळं काढायचं आहे. साबणासारख्या द्रावणाने ते पडद्यातून सुटतं, पण सुटलं की रेणूला धरेनासं होतं. अकरा महिने झाले, साठेक मेंदू वाटून झाले. आता मध्येच सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून येत नाही. रागावू नकोस.

आईला ‘हो’ म्हणून सांग. तेवढाच तिला धीर.

लोभ असाच राहू दे.
दीपमाला

बोरी अरब
१० जानेवारी १९९९

चि. दीपमालास आशीर्वाद व जयभीम.

लिहू का नको, आठ दिवस इचार केला. इथल्या गोळ्यायनं आता काही होत नाही. डॉक्टर म्हणते, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात मॉर्फिन भेटते, घेऊन जा. आई जात नाही. दीपाचं औषध येऊन राह्यलं, मग नागपूरले कायले जाऊ, म्हणते. मी दोनदा गाडी सांगतली, दोनदा वापस पाठवली. पदराचा बोळा तोंडात धरून पडून राह्यते. कोणी भेटाले आलं का त्यायले सांगते, पोट्टीचं काम होत आलं.

‘हो’ तू म्हणाले लावलं. आता तूच लिही. मले तिच्यासमोर बोलवत नाही.

राजदीप

हैदराबाद
१८ जानेवारी १९९९

ती. आईस सविनय जयभीम.

दादा हे वाचून दाखवेल. त्याने एकही शब्द गाळू नये.

आई, मी तुला खोटं सांगितलं. गेल्या मंगळवारी ते प्रथिन शुद्ध हाती आलं. तपासणीत एकच पट्टी उमटली, म्हणजे त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. ते किती जड आहे, रेणूला किती घट्ट धरतं, सगळं मोजलं. सरांनी पेढे आणले. पण प्रथिन मिळालं म्हणजे औषध मिळालं असं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. परदेशात त्याला अडवणाऱ्या गोळ्या करून पाहिल्या आहेत. जनावरांचं दुखणं कमी झालं, माणसांचं झालं नाही. तेही परवा वाचनात आलं.

माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही. नागपूरला आहे. हे ऐकशील त्याच दिवशी नीघ. सुटी मिळताच मी थेट तिथे येते.

तुझी,
दीपा

बोरी अरब
१४ फेब्रुवारी १९९९

चि. दीपमालास आशीर्वाद व जयभीम.

आईची माती, सगळं आटोपून तू परत निघाली तवा स्टँडवर मले इचारलं, माहं पत्र ऐकून आई काय बोलली. मी ‘काही नाही’ म्हणलो. तू नागपूरले पोचली तवा ती शुद्धीवर नव्हती, तुले तिच्याशी बोलता आलं नाही, म्हणून तवा मले सांगवलं नाही.

आई रागावली होती. नव्हती म्हणलं तर तेही खोटंच होईन. पत्र तिनं दोनदा वाचाले लावलं. मग म्हणे, दोन महिने मी कायच्यासाठी सोसलं. दुपारभर भिंतीकडे तोंड करून होती. उन्हं उतरल्यावर म्हणे, गाडी सांग.

नागपूरले औषध लागू पडलं आन् ती कुशीवर निजली. उठल्यावर पेज मागितली. बाजूच्या खाटेवर पुसदची कौसल्याबाई होती. तिची लेक तिले रोज म्हणे, तू बरी होशीन. आई त्या लेकीले म्हणे, बाई, माह्या पोट्टीनंही असंच केलं होतं. मग खरं लिहून पाठवलं. उशिरा पाठवलं, पण तिनं लिहिलं म्हणून मी आज निजली. तूही सांगून टाक.

त्या दोघी मायलेकी मग लय वेळ रडत होत्या. आईनं त्यायच्याकडे पाठ करून डोळे मिटून घेतले.

सुटीत ये. घरी मी आहो.

तुहा दादा,
राजदीप