तिसरं कडवं

प्रिय मिनू,

तुझी मैत्रीण प्राची संध्याकाळी येते आहे, माझं हो की नाही ऐकायला. बाबांनी "तूच ठरव" म्हणून अंग काढून घेतलं. सकाळपासून कामात लक्ष लागत नाही, वरण करपवलं. म्हटलं, जिचं गाणं आहे त्या पोरीशीच बोलावं.

तुझा तो जपानी कार्टूनचा सिनेमा! कार्टून म्हटलं की चिडायचीस, "आई, अ‍ॅनिमे म्हण वं!" कॉम्प्युटरच्या आतलं शहर, जांभळं आभाळ आणि ती गाणारी पोरगी. तिने सूर लावला की हवेत काचेची पायरी उमटते आणि ती वर चढते. कितीदा दाखवलास गं मला! भाषा कळत नव्हती, पण नजर हलत नव्हती.

त्यातलं गाणं तू आपल्या बोलीत केलंस. रेकॉर्डिंग म्हणजे भर मे महिन्यात कूलर बंद! बाबा घामाने निथळत ओरडायचे, "काहून वं, मारून टाकतं का आमाले?" आणि तू, बाहेरचा आवाज नको म्हणून डोक्यावरून घेतलेल्या गोधडीच्या आतून, "बाबा, तो कूलर माह्यापेक्षा जोरात गाऊन राहिला!"

दोन कडवी झाली. तिसऱ्याचे शब्द तयार होते, गाणार होतीस दिवाळीनंतर. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं तुला. अशी कसली घाई होती गं? गाणं अर्धवट टाकून कुणी जातं का!

आता प्राचीने तुझी जुनी रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरला ऐकवून त्याच्याकडून तिसरं कडवं गाऊन घेतलं. रविवारी तुमच्या अ‍ॅनिमेवाल्या पोरापोरींच्या मेळाव्यात पूर्ण गाणं लावायचं म्हणते. काल मला ऐकवलं. "काकू, मिनूच गाऊन राहिली ना?" विचारताना तिचे डोळे भरले होते.

अगं, हुबेहूब तू! मी फोन छातीशी धरला. पुन्हा लाव म्हटलं, पुन्हा लाव. बाबा उठून बाहेर गेले.

मग मला चैनच पडेना. वरच्या सुराला तुझा दम संपायचा, मध्येच श्वास घ्यायचीस आणि स्वतःलाच हसायचीस. या कॉम्प्युटरातल्या मिनूला दमच लागत नाही. आणि खरं सांगू? तरीही मला ती हवीशी वाटते. त्याचीच भीती वाटते गं! आज गाणं, उद्या मी तिला "आई" म्हणायला लावेन. मग तुझी खरी हाक मला आठवेल का?

प्राचीवर रागावू नकोस. तीही तुलाच शोधते आहे.

मी तिला नाही म्हणणार आहे. पण गाणंही अर्धं राहू देणार नाही. तुझी दोन कडवी तुझ्याच आवाजात वाजतील, तिसरं मी गाईन. आवाज फाटका, सूर घसरणार, पोरं हसली तर हसू देत. वचन देते तुला, रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून शेवटपर्यंत म्हणेन. ऐकणाऱ्याला लगेच कळेल, इथून पुढे मिनू नाही, तिची आई आहे.

तुझीच,
आई