घोट्याजवळची उजेडाची रेघ

प्रिय खुशबू,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे हाताने लिहिते आहे. अक्षर बघून नाक मुरडू नकोस, बारावीनंतर मी दुकानाच्या पावत्यांशिवाय काही लिहिलेलं नाही. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड. कबड्डीची फायनल झाल्यापासून माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला आहे. एकदा वाटायचं तू खरी, एकदा वाटायचं फोटो खरा, आणि फोटो काढणारी तर मीच.

गेल्या वर्षीचे माझे फोटो बघून तू किती हसली होतीस! फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवलेला, त्यामुळे सगळ्या पोरींचे चेहरे पावडर थापल्यासारखे पांढरेफटक, मागे मिट्ट काळोख, आणि उडालेली धूळ ठिपक्याठिपक्यांनी चमकते आहे. "कबड्डी खेळून राह्यलो का नाटकात काम करून राह्यलो?" असं सगळ्यांसमोर विचारलंस तू. मग मीही हट्टाला पेटले. यंदा अब्बांच्या स्टुडिओतला जुना फ्लॅश मैदानाच्या कोपऱ्यात बांबूला बांधला आणि कॅमेऱ्यावर फक्त छोटा ट्रिगर ठेवला. बटण मी इकडे दाबायचं, उजेड पडायचा तिकडून, बाजूने. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो दोन पुरुष उंच चढवला आणि पंचांना आधी विचारून घेतलं. बाजूने उजेड आला ना, की पायाच्या पोटरीची शीर न् शीर दिसते, उडी उडीसारखी दिसते. तुझ्या पहिल्या चढाईचा फोटो बघून मी एकटीच टाळ्या पिटल्या होत्या. फक्त एक अडचण होती. एकदा उजेड पडला की तो म्हातारा फ्लॅश पुन्हा तयार व्हायला वेळ घ्यायचा, म्हणजे एका चढाईला एकच फोटो. त्यानंतर दाबलेलं सगळं काळंकुट्ट.

त्या शेवटच्या चढाईचाही म्हणूनच एकच फोटो आहे. तुमचं गाव आणि आमचं नागभीड, गुण बरोबरीचे. तू वाकून आमच्या इकराच्या पायाला हात मारलास आणि परत रेषेवर येऊन पडलीस. लागलं, लागलं, असं ओरडत होतीस. इकरा हात वर न करता तशीच उभी राहिली. पंचांच्या आणि तिच्या मध्ये आमच्या दोन पोरी आल्या होत्या, त्यांना काहीच दिसलं नाही. त्यांनी इकराला विचारलं, तिने नकारार्थी मान हलवली, आणि तुला गुण मिळाला नाही. पुढच्या चढाईत आम्ही जिंकलो. तू पंचांशी भांडलीस, इकराला खोटारडी म्हणालीस, आणि मला, खरं सांगते, तुझा फार राग आला. ती माझी बहीण आहे गं.

दुसऱ्या दिवशी सामने भरवणाऱ्या मंडळाच्या पत्रूभाऊंनी माझ्याकडून फोटो नेले आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. लोकांनी तो एक फोटो मोठा करकरून बघितला. तुझी बोटं आणि इकराचा घोटा यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ आहे. पोटरीवर तुझ्या बोटांची सावली पडली आहे, तीही बोटांपासून सुटी. हात लागला असता तर सावली बोटाला चिकटली असती, असं कुणी तरी शहाण्याने लिहिलं. झालं, तू खोटी ठरलीस. आणि भांडखोर पोरगी म्हणून जिल्ह्याच्या संघाची निवड करणाऱ्या सरांनी तुला चंद्रपूरच्या शिबिराला येऊ नको असं कळवलं, हेही मला तुमच्या शेजारच्या केसरबाईंकडून कळलं. तुझ्या जागी इकराला बोलावलं आहे.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. वाईट वाटावं तर तुझं वाटावं की स्वतःचं, तेही कळेना. कारण इकराला कबड्डी शिकवली कुणी? धान कापून झालं की तुमच्या शेतातल्या बांधीत तुझे बाबा, रामाजीकाका, मऊ तणस पसरून द्यायचे आणि तू तिला आपटून आपटून शिकवायचीस. पहिल्याच दिवशी तू तिला दम दिला होतास, "लागलं त हात वर कर. पंचाले दिसो का ना दिसो. नाई त मी तुले खेळवत नाई." इतकं बोलणारी तू एका गुणासाठी खोटं बोलशील? आणि तेच ऐकत मोठी झालेली इकरा बोलेल? मी रोज फोटो उघडायचे, रोज ती रेघ तिथेच असायची.

काल शेवटी मी दुकानाचं शटर ओढलं. फ्लॅश शिडीवर चढवला, इकराला तशीच उभी केली, अम्मीच्या हातात कॅमेरा दिला आणि मी खाली बसून तुझ्यासारखा हात मारून बघितला. वेगवेगळ्या तऱ्हेने मारला. अम्मीला वाटलं पोरगी वेडी झाली. एका वेळी माझी तीन बोटं हवेतच राहिली आणि करंगळी घोट्याच्या मागून घासून गेली. त्या फोटोत करंगळी टाचेआड लपली आहे. बाकी बोटं, सुटी सावली आणि मध्ये तीच उजेडाची रेघ! मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात इकराने पाय आखडून घेतला आणि मटकन खाली बसली. घरात आम्ही हिंदीत बोलतो, पण ती रडली मैदानावरच्या बोलीत. "असंच लागलं होतं, आपा. हात उचलाचाच होता, पन उचललाच नाई. मंग तुह्या फोटोत लागलेलं दिसेना, त मले वाटलं, मलेच भास झाला असन."

स्वतःच्या पायापेक्षा तिने माझ्या फोटोवर विश्वास ठेवला, खुशबू. आता मी तिच्यावर चिडू, की फोटोवर, की तुझ्यावर शंका घेणाऱ्या स्वतःवर, मला खरंच कळत नाही. माझी लाडकी बहीण खोटं बोलली आणि माझी मैत्रीण खरी निघाली, तर मी का रडले तेही नीट सांगता येणार नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ते इकरानेच तुझ्या हातात दिलं आहे. शिबिर सुरू व्हायच्या आधी तुला सोबत घेऊन चंद्रपूरला जायचं आणि सरांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं तिने ठरवलं आहे. तिची जागा जाईल, हे तिला माहीत आहे. मी येते म्हटलं तर नको म्हणाली, "तू आली त तूच बोलशीन." तिला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तिने मागायचं आहे. पण तू हे वाचेपर्यंत ती तुमच्या अंगणात मान खाली घालून उभी असेल. ती बोलेपर्यंत थांब. दार लावू नकोस.

तुझीच, आणि अजून गोंधळलेली,
शगुफ्ता