आठ हजार पॉइंट आणि बाकीची मालमत्ता

सोळा महिन्यांपूर्वी भांडी-चादरींच्या मोठ्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने मान वर करून विचारलं, "आमच्या दुकानाचं कार्ड करून देऊ?" आणि मी पुढचं काही न ऐकता "करा" म्हणालो, त्या घटकेपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आज आहे. वय तेवीस, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेलं, काम एसी दुरुस्तीचं. सोमवारी नऊ महिन्यांसाठी बोटीवर कामाला चढतो आहे, आणि बोटीची कंपनी त्याआधी प्रत्येकाकडून मृत्युपत्र लिहून घेते. हे मी कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दादा शेजारच्या खोलीतून सूचना देतो आहे, ते दडपण धरू नये.

१. माझी हत्यारं, व्हॅक्यूम पंपासकट, मला शिकवणाऱ्या उस्तादांना द्यावीत. पंपाचं तेल बदलायला झालं आहे. त्यांनी मला एकदा गिऱ्हाइकासमोर गाढव म्हटलं होतं. विसरलेलो नाही, तरी पंप त्यांनाच.

२. दुकानाच्या कार्डावर घेतलेला माल, म्हणजे तीन तवे, सात चादरी, दोन इस्त्र्या आणि एक मोठी गादी, वहिनीला. यातल्या एकाही वस्तूची गरज नव्हती. त्या मुलीला महिन्याला ठरावीक कार्डं खपवावी लागत, त्यांवर खरेदीही दाखवावी लागे. महिनाअखेर तिचा चेहरा उतरलेला दिसला की मी एक चादर उचलायचो. वहिनी म्हणाली होती, "भावजी, मुलगी आवडली तर तिला चहाला विचारा. चादरी कसल्या आणता?"

३. गादीबद्दल खुलासा. पाटीवर "सहा महिने बिनव्याजी" होतं, खालची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत. मुदत संपताना किरकोळ रक्कम राहून गेली, तर त्यांनी पहिल्या दिवसापासूनचं व्याज पूर्ण किमतीवर लावलं, आणि दरही बँकेच्या कार्डापेक्षा चढा. सगळा उन्हाळा लोकांच्या गच्च्यांवर राबून ते फेडलं. वहिनीने त्या गादीवर खुशाल झोपावं. मला त्या गादीवर कधी झोप लागली नाही.

४. पॉइंट, आठ हजार. पहिल्या खरेदीला सूट मिळाली होती, खोटं कशाला बोलू. पण हे पॉइंट त्याच दुकानात चालतात, बाहेर त्यांना कुत्रं विचारत नाही. गेल्या महिन्यात त्या काउंटरवरच्या मुलीची बदली दुसऱ्या गावच्या शाखेत झाली, बसने सात तास. माझ्या पॉइंटांत आणखी चादरी येतील, तिकीट येत नाही. ज्याला हवेत त्याने घ्यावेत.

दादाचं कार्ड बँकेचं, साधं. किराणा, पेट्रोल, औषधं, कुठेही घासलं तरी पॉइंट जमतात आणि कुठेही खर्चता येतात. परवा त्याने त्यातूनच माझं तिकीट काढलं, आज दुपारी दोनच्या बसचं, उद्याच्या परतीसकट.

"जा, भेटून ये."

"मला तुझे उपकार नकोत."

"उपकार कसले, पॉइंट आहेत," तो म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तिकीट टेबलावर पडून आहे. हे लिहिताना चार वेळा उठलो, चार वेळा ते तिथेच होतं.

५. माझं काही बरंवाईट झाल्यास तिला कळवावं की मी चादरींसाठी येत नव्हतो.

दुरुस्ती: कलम ५ रद्द. वहिनीला वाटा मिळतो म्हणून तिची साक्ष चालत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरून दोघांना बोलावलं. शिंपीकाकांनी वाचलं आणि म्हणाले, "हे पोरीला तू मेल्यावर कळायचं? मग ती हो म्हणाली तरी पंचाईतच." पोस्टमनमामा म्हणाले, "आणि पोचवणार कोण? मी निवृत्त झालो." मी भडकलो, कागद चुरगाळला, परत सरळ केला. सुरकुत्या त्याच्या आहेत. आता ते कलम माझ्या हाताने खोडतो आहे. जे सांगायचं ते मी तोंडाने सांगेन. नाही म्हणाली तर सोमवारी बोट आहेच, हो म्हणाली तरी आहे.

लिहून देणार: सही
साक्षीदार: १) शिंपीकाका, सही  २) पोस्टमनमामा, सही
स्थळ: तिसरा मजला, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: बोट सुटण्याआधीचा शनिवार, दुपारी सव्वा वाजता

दादा, तिकीट घेतलं. तोंडावर आभार मानायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहितो. कागद टेबलावर ठेवला आहे. तू उठू नकोस, दार मी बाहेरून ओढून घेतो.